पलटणीच्या मुलखात जुनी जीप

साताऱ्याहून पुणे–बेंगळुरू महामार्गाने कराडकडे निघालं की कराडच्या अलीकडे सतराएक किलोमीटरवर उंब्रज लागतं. तारळी नदी इथे कृष्णेला मिळते. पूर्वेला कृष्णा ओलांडली की मसूर, पश्चिमेला वळलं की चाफळ आणि पुढे मल्हारपेठ, पाटण. बाजाराचं गाव, त्यामुळे चारही दिशांनी वर्दळ. याच रस्त्याने दक्षिणेला सरळ जात राहिलं की बेळगाव येतं. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. उत्तरेला पुण्याजवळ खडकी; तिथे लष्कराच्या ५१२ बेस वर्कशॉपमध्ये रणगाडे पूर्ण उघडून पुन्हा उभे केले जातात. कृष्णाकाठच्या पोरांच्या कित्येक पिढ्या या रस्त्याने पलटणीत भरती व्हायला गेल्या. जुन्या लष्करी गाड्या शोधून, दुरुस्त करून, मूळ रूपात चालवण्याचा छंद समजून घ्यायचा तर प्रवास याच पट्ट्यातून सुरू करावा. कारण इथे अशा गाडीकडे पाहणाऱ्याला बहुधा घरातला एखादा फौजी आठवतो.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला रणगाडा काही घरी ठेवता येत नाही. त्याच्या आवाक्यात येतात त्या जीप, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा, निस्सानची एक टनी गाडी, जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमान ट्रक आणि लष्कराने लिलावात काढलेल्या बुलेट. शक्तिमान ठेवायला गोठ्याएवढी जागा आणि मोठं मन लागतं. जोंगाचं सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन खिशाला झेपत नाही. म्हणून बहुतेकांची सुरुवात जीपपासून होते, आणि पुष्कळांचा शेवटही तिथेच.

या जीपची जन्मकथा घाईची आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत पहिला नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो लष्कराच्या हवाली केला. पण लष्कराला लागणाऱ्या संख्येने गाड्या बनवणं बँटमच्या कुवतीबाहेरचं होतं. मोठं काम गेलं विलीजकडे आणि पाठोपाठ फोर्डकडे. विलीजच्या गाडीला ‘एमबी’ म्हणतात, फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. इटलीपासून ब्रह्मदेशापर्यंत त्या पसरल्या. ब्रह्मदेशात तर काही जीपना रेल्वेची चाकं बसवून रुळांवरून पळवलं गेलं. इटलीत लढताना मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ साली आणि नामदेव जाधव यांना १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या लढाईत पुढच्या फळीपर्यंत दारूगोळा पोचवणारी आणि जखमींना मागे आणणारी गाडी अनेकदा हीच असे.

युद्ध संपल्यावर दोस्त फौजांनी इथे सोडलेलं सामान सरकारने विकायला काढलं. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे रुळला. तंबू, बूट, जेरीकॅन आणि गाड्या. त्याच सुमारास महिंद्र बंधूंच्या कंपनीने विलीजची जीप भारतात आणली आणि १९४९ साली मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. नंतर विलीजच्या ‘सीजे-३बी’ या नमुन्याची गाडी महिंद्रने कित्येक दशकं बनवली. नव्या इंजिनाची उंची जास्त असल्याने तिचं बोनेट वर उचललेलं होतं. म्हणून जीपवाले आजही दोन जाती मानतात: ‘लो बोनेट’ आणि ‘हाय बोनेट’. लष्करात, पोलिसांत, पाटबंधारे खात्यात, वनखात्यात हीच गाडी होती.

सातारा-सांगलीच्या माणसाला मात्र जीप आठवते ती वडापमुळे. मसूर फाट्यावर, चाफळ रस्त्याला, एसटीची वाट बघून कंटाळलेल्या माणसांना पोटात घेऊन, मागच्या फळीवरही चौघांना लटकावून निघालेली गाडी. वडापने या भागाला मोठी सोय दिली, पण जुन्या जीपचं मोठं नुकसानही केलं. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिनं निघाली, त्यांच्या जागी डिझेल आली, कधी तर ट्रॅक्टरची. माणसं जास्त बसावीत म्हणून चेसी कापून लांब केली. मूळची छोटी गाडी अशा शेकडो गरजांत विरघळली. पोटापाण्यासाठी केलेल्या या बदलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र आज मूळ इंजिनासह लो बोनेट जीप मिळणं दुर्मिळ का, याचं उत्तर इथेच आहे.

खरी युद्धकालीन जीप ओळखायची कशी? विकणारा प्रत्येक जण ‘दुसऱ्या महायुद्धातली आहे’ असंच सांगतो. आधी समोरच्या जाळीच्या पट्ट्यांमधल्या फटी मोजायच्या. युद्धातल्या गाडीला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. मग गुडघ्यावर बसून बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली बघायचं. चेसीची पुढची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर गाडी विलीजची. उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. गंज खरवडत एकेक ‘एफ’ शोधणारा माणूस तासन्‌तास गाडीखालून बाहेर येत नाही, आणि ते अगदी रास्त आहे. चेसी क्रमांकाचीही जागा वेगळी: विलीजवर तो पुढे डाव्या बाजूला आतून रिव्हेट मारलेल्या पट्टीवर, फोर्डवर थेट चेसीच्या पोलादात ठोकलेला. ती पट्टी हरवलेली असू शकते, कोणी दुसरी लावलेली असू शकते. चेसीचा आकार खोटं बोलत नाही.

हेडलाइटची रचना तर मुद्दाम हाताने करून बघावी. युद्धातल्या जीपचे दिवे जाळीच्या आत बिजागरीवर बसवलेले आहेत. पाकळीची चावी सैल केली की दिवा वर उचलून उलटा फिरवता येतो आणि त्याचा झोत इंजिनावर पडतो. रात्री गाडी बंद पडली, हातात बॅटरी नाही, तरी मेकॅनिकला दोन्ही हात मोकळे ठेवून काम करता यावं म्हणून केलेली ही सोय. ज्याने ही बिजागरी आखली त्याला चिखलात, अंधारात गाडी दुरुस्त करणाऱ्या शिपायाची अडचण नेमकी ठाऊक होती. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली, स्टार्टर पायाने दाबायचा, काच बोनेटवर आडवी पडते, वीज सहा व्होल्टची. आणि स्टिअरिंग डावीकडे. महामार्गावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांची मदत घ्यावीच लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतला, यांत्रिक किंवा विजेवर चालणारा इशारादर्शक असलाच पाहिजे.

इंजिनाचं नाव ‘गो-डेव्हिल’. चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, बाजूला ब्लॉकमध्येच आहेत. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी असेल तर ते बहुधा जाम झालेलं असतं. उतावळा माणूस हँडल घालून जोर लावतो आणि रिंगा मोडून बसतो. जाणता मिस्त्री प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल ओततो आणि काही दिवस वाट बघतो. मग हेड उतरवून सगळ्यात आधी व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधला भाग तपासायचा, कारण या जातीच्या इंजिनात तडा जातो तो बहुधा तिथे. तडा नसेल तर निम्मी लढाई जिंकली. पुढे बोअर, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग, हेडचं फेसिंग ही नेहमीची कामं.

ही कामं करणारे हात या मुलखात अजून आहेत, आणि ते अचानक आलेले नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, मग पंप, मग इंजिनं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्रीची परंपरा उभी राहिली. साखर कारखाने आले तसे गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचे शेड झाले. या पट्ट्यातला टर्नर नमुना हातात घेतो, फिरवून बघतो, कॅलिपर लावतो आणि ‘करून देतो’ म्हणतो. बुश, पिन, शॅकल, दातांचं चाक: कॅटलॉगमध्ये नसलेली वस्तू इथे बनते. पत्र्यासाठी जगभरचे लोक फिलिपिन्सकडे बघतात. तिथल्या एमडी वान या कंपनीची नव्याने ठोकलेली जीपची बॉडी युरोप-अमेरिकेतही जाते. पाने, जुने गेज, जॅक यांच्यासाठी पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि सुट्या भागांसाठी मुंबईतल्या कुर्ल्याची दुकानं. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, कुजतो. म्हणून इंजिन बांधतानाच हे भाग इथेनॉलला टिकणारे घालणं शहाणपणाचं. बाहेरून गाडीत काही फरक दिसत नाही आणि घाटात गाडी पेटण्याचा धोका टळतो.

गाडी बांधण्यापेक्षा कागदपत्रं जड जातात, असं या छंदातले लोक सांगतात. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत गाडी रस्त्यावर ठेवता येते. उंब्रजच्या माणसाला त्यासाठी कराडचं कार्यालय जवळ. तिथला क्रमांक एमएच ५०. दुसरा मार्ग केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोकळा केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासासाठी, तेल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याने नाही.

या नियमात एक अट आहे आणि तीच सगळ्यात मोलाची. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन बसवलेली जीप कितीही चकचकीत केली तरी या दारातून आत जात नाही. शेडच्या कोपऱ्यात पडलेलं गो-डेव्हिल भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी गावोगावच्या माणसांनी ही अट वाचायला हवी.

रंगाचाही प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. लष्करी गाडी मूळ रूपात आणायची आणि तिचा मूळ रंगच लावायचा नाही, हे हौशी माणसाला खुपतं. पण नियमामागचं कारण खणखणीत आहे: छावणीच्या दारात उभ्या जवानाला गाडी कोणाची हे लांबून कळलं पाहिजे. बाणाचं चिन्ह असलेला लष्करी क्रमांक, पलटणीची निशाणं हीदेखील जिथल्या तिथेच शोभतात. वाळूचा किंवा राखाडी रंग लावूनही जीप उत्तम दिसते.

तयार जीप पहिल्यांदा लांब काढायची तर उंब्रजसारखं ठाणं नाही. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन, असे सात या गावाच्या आसपासच्या टापूत आहेत. अंतरं छोटी, रस्ते कधी सपाट तर कधी डोंगराच्या कुशीतले. रेडिएटर तापला तर थांबायला सावली आणि पाणी दोन्ही आहे. साध्या नोंदणीच्या जीपला हा फेरा चांगला मानवतो. गिअरबॉक्स तीन गिअरचा, पहिल्याला सिंक्रोमेश नाही. त्यामुळे चाफळकडच्या चढाला गाडी पूर्ण थांबण्याआधीच हिशेब करावा लागतो. हात बसला की उरलेले चार मारुती, म्हणजे सांगली जिल्ह्यातले बहे आणि शिराळा, कोल्हापूरकडचे मनपाडळे आणि पारगाव.

उत्तरेला जाताना महामार्ग सोडून अपशिंग्याला वळावं. सातारा तालुक्यातल्या या गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द पत्त्यातच लागलेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे. त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत अपशिंग्याची माणसं होती. अशा गावाच्या चौकात जुनी जीप थांबली की भोवती जमणारे म्हातारे गाडीला किती खर्च आला ते विचारत नाहीत. कुठल्या युनिटची, ‘आरसीएल’ होती का वायरलेसची, हे विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं देता येतील एवढा अभ्यास करूनच गाडी तिथे न्यावी.

‘आरसीएल’ म्हणजे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची धक्काविरहित तोफ. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उडवले आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. उघडी, पातळ पत्र्याची, चिलखत नसलेली गाडी आणि समोर पॅटन. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले आणि कराडचे म्हणून ओळखले जाणारे. १९६२ च्या चीन युद्धानंतर नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं होतं. आज त्याच कराडमध्ये १९७१ च्या विजयाच्या स्मरणार्थ डिसेंबरात विजय दिवस समारोह होतो. निवृत्त कर्नल संभाजी पाटील यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. लष्कराची शस्त्रास्त्रं आणि जवानांच्या कसरती बघायला आसपासच्या गावांतून शाळेची पोरं येतात.

ते पॅटन बघायचे तर पुण्याहून शिरूरमार्गे अहिल्यानगर गाठायचं, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभं केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम तिथे आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी त्याचं उद्घाटन केलं. चाळीसहून अधिक गाड्या झाडांच्या सावलीत ओळीने उभ्या आहेत. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी, ब्रिटिशांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, सुरुंग उडवत जाण्यासाठी पुढे साखळ्यांचा रूळ लावलेला शर्मन, जपान्यांचा छोटासा हा-गो. एवढ्या देशांचं पोलाद एका आवारात बघायला मिळणं भारतात तरी दुसरीकडे नाही.

जीप बांधणाऱ्याने इथे घाई करू नये. १९६२ मध्ये एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे विमानाने लडाखमध्ये चुशूलला उतरवले होते. तो रणगाडा शेजारून बघितला की त्याचं वजन कमी ठेवण्यासाठी काय काय सोसावं लागलं ते कळतं. पाण्यावर तरंगणारा रशियन पीटी-७६ बघावा. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरला ४५ कॅव्हलरीने याच रणगाड्यांनी लढाई मारली. रिव्हेट, वेल्डिंग, ओतकामाचे सांधे, जाळ्यांची जाडी हे सगळं हाताच्या अंतरावर आहे. कुठल्या देशाने कशाला महत्त्व दिलं हे पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगतं.

आर्मर्ड कोअर सेंटरने जपलेल्या रणगाड्यांत एक सेंच्युरियन आहे, ‘फामागुस्टा’ नावाचा. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्सचे, वय २१. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे असं कळवून ते लढत राहिले आणि त्याच रणगाड्यात कामी आले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. लढाईनंतर सैन्याने तो रणगाडा भंगारात काढला नाही. दुरुस्त करून जपला. हौशी माणूस आपल्या शेडमध्ये चेसी क्रमांकाच्या मागे का लागतो, नवी बॉडी सहज मिळत असताना जुन्या पत्र्याला ठिगळं का लावतो, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हा एक रणगाडा ध्यानात घ्यावा. त्याच्या जागी दुसरा कुठलाही सेंच्युरियन ठेवून भागलं नसतं.

संग्रहालय लष्कराच्या हद्दीत आहे, तेव्हा ओळखपत्र सोबत ठेवावं आणि वेळ आधी विचारून घ्यावी. नगरचा भुईकोट किल्ला याच फेरीत होतो. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, मौलाना आझाद तिथे कैदेत होते. बाहेर जगभर जीप आणि शर्मन धावत होते, तीच ही वर्षं. उंब्रजहून जीपने येणाऱ्याने येताना पुण्यात मुक्काम करावा, खंबाटकीचा घाट सकाळच्या गारव्यात ओलांडावा, आणि परतताना कागदपत्रांची पिशवी, पंख्याचा एक जादा पट्टा व पाण्याचा कॅन सीटमागे आहे ना, ते निघण्यापूर्वी तपासून घ्यावं.